बॅटरी कोण पितंय?

चावी फिरवली की नुसतं 'कट्' व्हायचं. त्यानंतरची शांतता प्रतिभाला कुठल्याही आवाजापेक्षा मोठी वाटायची.

तळेगाव ढमढेऱ्यातल्या बायका तिच्या जीपमधून पहिल्या पाळीला कारेगावच्या कंपन्यांत जायच्या. आठवडाभर त्यांनीच रोज धक्का मारून गाडी चालू केली होती. बुधवारी उतरताना तेजश्रीनं तोंडावर सांगितलं, "प्रतिभाताई, परवा धक्का मारायला लावलंत, तर आम्ही सगळ्या सम्राटच्या जीपमधी. कामाच्या आधीच घाम कोण गाळंल?"

बॅटरी नवी होती, डायनामो तपासून झाला होता. "इकून टाका की गाडी, वैनी," दीर इंद्रजीत म्हणाला. प्रतिभानं चावी कमरेला खोचली. स्टेअरिंगमागे बसल्यापासूनच गाव तिला 'हरिबाची सून' न म्हणता नावानं ओळखायला लागलं होतं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. तिनं खुटबावला वडिलांना फोन लावला. हनुमंतआप्पांचा जन्म पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला.

"आप्पा, गाडी बंद असताना बॅटरी कोण पितंय?"

"काळी वायर सोड, आन् वायर नि बॅटरीच्या मधी मीटर लाव. बंद गाडीत आकडा शून्याजवळ पायजे. नसंल तर एकेक फ्यूज काढ. आकडा पडला की चोर घावला."

मीटरवर पाऊण अँपिअर दिसत होता. पुढच्या सीटवर सासरे आत्ताच येऊन तंबाखू मळत बसले होते.

"आबा, आत कुठली लाईट चालू हाय का?"

"न्हाई गं. एकबी न्हाई."

एकेक फ्यूज निघून ओढणीत जमा झाला. आकडा जागचा हलेना.

"भूत पितंय," इंद्रजीत हसला.

"मग भुताचीबी वायर आसंल," प्रतिभा म्हणाली, आणि थबकली. सगळे फ्यूज काढूनही करंट जातोय, म्हणजे तो फ्यूज चुकवूनच जातोय. तिनं बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला बोटं घातली. जाड केबलखाली एक बारीक लाल वायर पिळून बसवलेली होती. तिनं ती ओढली. मीटर शून्यावर आला, आणि आतून आबा कडाडले, "अगं ए! देवाचा दिवा इझला!"

ती धावत गेली. काचेपाशी झेंडूच्या माळेमागे बिरोबाचा फोटो, आणि त्यापुढं, माळेत झाकलेला, विझलेला बल्ब.

"आबा, तुम्ही तर लाईट न्हाई म्हणालात!"

"लाईट कुठाय? दिवा हाय त्यो, आखंड. आधीची एलईडी मिचमिच करायची, म्हणून मागल्या आठवड्यात ट्रॅक्टरचा बल्ब लावला म्या."

प्रतिभा खदखदून हसली. आबा मात्र फुगले. "देव अंधारात ऱ्हायचा न्हाई."

"आबा, देवळात शेजारती कशाला करत्यात?"

"देवाला निजवाया."

"मग माझ्याच गाडीत त्याला का जागं ठिवताय?"

तंबाखूवरचा अंगठा थांबला. मग हसण्यानं आबांचं पोट हलायला लागलं. "लई गं तू! जोड तुला पायजे तिथं."

तिनं वायर चावीकडं वळवली. गाडी चालू, तर दिवा चालू. बॅटरी संध्याकाळपर्यंत चार्जिंगला लावली.

शुक्रवारी सम्राटची जीप चौकात वाट बघत उभी होती. तेजश्री आणि बाकीच्या सवयीनं प्रतिभाच्या जीपमागे हात टेकून तयार होत्या. चावी फिरली आणि इंजिन एका दमात गरजलं.

"हात काढा गं, पडाल तोंडावर!" प्रतिभा ओरडली.

बायका हसत, एकमेकींना ढकलत आत चढल्या. सम्राटच्या जीपशेजारून जाताना प्रतिभानं हॉर्नवर ठेवलेला हात चौक मागं पडला तरी उचलला नाही.