खुर्ची तपासणीवर आहे

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जन्मभर लिफ्टदुरुस्तीत होते. माणूस लाखातला, पण पायाला भिंगरी! ताटावर बसले की फोन वाजायचा, कुठल्यातरी इमारतीत कुणीतरी अडकलेलं असायचं, आणि हे तोंडातला घास कसाबसा गिळून चालते व्हायचे. लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवे, नाहीतर गच्चीवरच्या मशीनखोलीत उभे. टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही.

निवृत्त झाले तेव्हा ताईनं एकच मागणं मागितलं. "बाल्कनीत दोन खुर्च्या आणा. संध्याकाळी आपण दोघं बसू." बास! दागिना नाही, सहल नाही. माझी ताई तोंड उघडून काही मागते म्हणजे तिला ते किती हवंय, हे मला कळत होतं. म्हणून मीही भाऊजींच्या मागे लागले.

बाल्कनी कसली, बोळच तो. बसलं की गुडघे कठड्याला लागतात. दुपारभर ऊन, आणि तिरका पाऊस आला की थेट आत. म्हणजे खुर्ची ऊनपाऊस सोसणारी हवी आणि आटोपशीर हवी, यात कसलं आलंय डोकं? दुसरा कुणी असता तर तासाभरात आणून मोकळा झाला असता. पण लिफ्टवाल्यांचा नियम पडला वेगळा. जास्तीचं वजन लादून तपासणी झाल्याशिवाय माणसानं आत पाऊल ठेवायचं नाही. भाऊजींनी तो नियम खुर्च्यांना लावला!

पहिली लोखंडी आणली. भाऊजींनी जोडाजवळचा रंग नखानं खरवडला, आत गंज. परत. प्लास्टिकची आणली तर म्हणे, "उन्हानं ठिसूळ होते. एक दिवस पाय फाकवून बसेल." लाकडाची आली, तर तिला दरवर्षी तेल कोण पाजणार? वेतासारखी विणलेली मला फार आवडली होती. तिच्यावर बादल्या ओतल्या, दुसऱ्या दिवशीही बैठकीखाली पाणी साचलेलं, की तीही गेली. फर्निचरवाला लांबून भाऊजींना बघून आत पळायला लागला. आणि जी खुर्ची घरात असेल तिच्यावर वाळूची पोती आणि पाठीला पाटी: 'काम चालू आहे. वापरू नये.'

ताई बिचारी दारात उभ्याउभ्या चहा प्यायची. आधी हसायची, मग हसायची थांबली.

परवा गेले तर तिची बॅग भरलेली. "मी तुझ्याकडे येते राहायला. परत कधी जाणार ते विचारू नकोस," म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच बाल्कनीत घुसले. भाऊजी स्क्रू पिळत होते. समोर अॅल्युमिनियमच्या दोन घडीच्या खुर्च्या, जाळीच्या कापडाच्या, पाणी थांबायला जागाच नाही. दोन्ही खुर्च्यांच्या मांडीवर वाळूची पोती.

"ह्यांच्यात काय खोट काढलीत आता?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"पास झाल्या त्या. मागच्या आठवड्यातच."

"अहो, मग पोती कशाला ठेवलीत अजून? ताई घर सोडून निघालीय, कळतंय का तुम्हाला?"

त्यांचे हात थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पास म्हटलं की बसावं लागेल, मेहुणीबाई. बसल्यावर मी तिच्याशी बोलू काय? मला भीती वाटते. अडकलेल्या माणसांशी दाराआडून बोलायची सवय मला. घरात कधी बोललोच नाही."

मी वळून पाहिलं. मागे ताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पुढे झाली, दोन्ही पोती ओढून खाली टाकली, पाटी काढून माझ्या हातात दिली आणि एका खुर्चीत बसली.

"बोलायला कुणी सांगितलंय तुम्हाला? बसा आणि ऐका. आपलं बाळ गेलं त्या दिवशीचं मला सांगायचंय."

त्या दिवशी बाळंतपणाला दवाखान्यात ताईजवळ मी होते. भाऊजी कुणालातरी लिफ्टमधून सोडवत होते. ते आले तोवर सगळं आटोपलं होतं. पुढे त्या घरात पाळणा हलला नाही, आणि त्या दिवसाचं नावही कुणी काढलं नाही.

भाऊजी उठायच्या बेतात असल्यासारखे दुसऱ्या खुर्चीच्या कडेला टेकले. हात स्क्रूड्रायव्हर चाचपत होता. मग हळूहळू मागे सरकले आणि खुर्चीला पाठ लावून बसले.

मी चपला घालत होते तेव्हा ताईचा आवाज आला.

"मुलगी होती हो. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."