इंजिन थांबलं की भाकरी

अंगणातल्या आंब्याखाली एक काळा डाग आहे. पावसाळा सरला, आवारभर टाकळा आणि आघाडा माजलाय, पण त्या डागावर गवताची काडी उगवायला तयार नाही. आश्विनातलं ऊन चढलं की तिथून तेलाचा उग्र, कोमट वास उठतो आणि थेट ओटीवर येतो. शेजारीण म्हणते, "बाई, माती टाका की वर, कसं दिसतंय ते." मी हो म्हणते आणि टाकत नाही. माझं अंगण, माझा डाग!

तिथे आमची क्रेन उभी असायची. आमची म्हणजे यांची. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटात गाडी कोसळली की ती दोर लावून वर काढायची, हा यांचा धंदा. लष्कराने मोडीत काढलेला जुनापुराणा ट्रक, त्याच्या पाठीवर लोखंडी सोंड आणि पुढे मूळचं पेट्रोल इंजिन. मी कापडे गावच्या शाळेत मास्तरीण. पोरांचे पाढे ऐकून घरी यायचं आणि मग कान घाटाकडे लावून बसायचं. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, अशी आमच्याकडची रीत; दरीत दोर सोडणाऱ्याला तर नाहीच नाही. त्यामुळे माझी सगळी चौकशी कानांनीच चालायची. पेट्रोल इंजिनाचा आवाज मऊ, घुमणारा. वरच्या वळणावर असतानाच ओळखू यायचा आणि जिवात जीव यायचा. अंगणात येऊन तो थांबला की मी तव्यावर पहिली भाकरी टाकायची. हातपाय धुऊन हे पाटावर बसेतो ती फुगलेली असायची.

पण ते इंजिन आमच्या पावसातलं नव्हे. ओल धरली की ठिणगी पडेना. एकदा ऐन श्रावणात, दरीतला टेम्पो अर्ध्या वाटेत दोरावर लटकलेला असताना ते बसलं ते बसलंच. ब्रेक धरून राहिला, देवाची कृपा! हे घरी आले ते चिखलाने माखलेले. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "आता डिझेल बसवायचं. बास झालं."

महाडच्या एका गॅरेजात, मोडीत निघालेल्या लॉरीचं डिझेल इंजिन मिळालं. वजनाला भारी, लांबीला जास्त. जन्मभर दुसऱ्यांना उचलणारी आमची क्रेन, तिचं इंजिन उचलायला मात्र परक्याची क्रेन बोलवावी लागली. नवं काही केल्या मावेना. मग रेडिएटर पुढे सरकवला, बॉनेटला पत्र्याचा तुकडा जोडला, खालचे पाये नव्याने वेल्ड केले. गणपती येऊन गेले तरी काम चालूच. शेवटी परत आली ती नाक वीतभर पुढे काढून, आणि आवाज कसला? नुसती खडखड. "आता ही काय आणि वाळूचा डंपर काय, मला दोन्ही सारखेच," मी फणकारले. हे हसले. "पावसात दगा नाय देणार गो ही." खरंच नाही दिला. पण रस्त्यावरून कुठलीही लॉरी गेली तरी मी उठून दाराशी जायची, ते तेव्हापासून.

त्यात पहिल्याच दिवशी मजा झाली. तवा तापलेला, पीठ मळलेलं, मी आपली खडखड थांबायची वाट बघतेय. मागे वळून बघते तर काय, हे पाटावर!

"वाढ की गो."

"अहो, पण गाडी चालू आहे तुमची!"

चावी यांच्या मुठीत आणि इंजिन अंगणात खुशाल चाललेलं. पेट्रोलची चावी फिरवली की विषय संपला. या जुन्या डिझेलला स्टिअरिंगखालची दोरी ओढून थांबवावं लागतं, आणि तेच नेमकं हे विसरले. इतके हसलो, इतके हसलो की यांना ठसका लागला. पुढे ती चूक नित्याचीच झाली. "दोरी ओढलीत का?" हे आमच्या घरातलं वाक्यच होऊन गेलं. नळ उघडा राहू दे नाहीतर दिवा, मी तेच विचारायची.

हे गेले आणि क्रेन आंब्याखालीच राहिली. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणायचा, "आई, देऊन टाक ती, आणि तू इकडे ये." मी दोन्हींना नाही म्हणायची. दारात गाडी उभी असली म्हणजे घरात माणूस आहे, असं वाटायचं मला. ती गेली की हे खरेच गेले. पण टायर मातीत रुतले, सोंड गंजली. यांच्या हातची वस्तू डोळ्यांदेखत कुजताना बघवेना. महाडकडचा एकजण विहिरींचे दगड काढायला मागत होता. त्याला दिली.

तो न्यायला आला, त्याने बॅटरी जोडली, आणि बऱ्याच झटापटीनंतर काळा धूर ओकत ती सुरू झाली. आत माझ्या हातांनी परात कधी ओढली, मलाच कळलं नाही. थोड्या वेळाने तो दाराशी, चावी हातात.

"काकी, टायरची हवा बघायची व्हती. चावी काढली तरी बंद व्हत नाय ही!"

मला हसू फुटलं, आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. "राहू दे रे जराशी चालू," म्हटलं. "बस तू."

मग पदर खोचून मीच वर चढले आणि दोरी ओढली. आत येऊन भाकरी टाकली. टम्म फुगली. त्या परक्या माणसाला पाटावर बसवून ती वाढली. तो बिचारा जेवला.

तो निघाला तेव्हा मी पायरीवर उभी होते. रस्त्यावर एसटी, डंपर, पर्यटकांच्या गाड्या, सगळा गलका. आणि काय सांगू, त्या गलक्यात तिची खडखड मला पार खालच्या वळणापर्यंत वेगळी ऐकू येत होती. इतकी वर्षं उगीच भांडले मी यांच्याशी, सारखीच म्हणून.

आता भूक लागली की भाकरी टाकते. तवा तापलेला असतो, भाकरी थापून तयार असते, तरी हात जरासा थांबतो. आणि बाहेर तर काहीच चालू नसतं.