पहिल्यांदाच मालकीण

मला पक्की नोकरी लागली ती अल्बनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या ब्रिटिश नटीमुळे. चाळीस वर्षं त्यांनी नाटक-सिनेमांत मोलकरणींच्याच भूमिका केल्या. मी आठवीत शाळा सोडलेला. ईस्ट टामाकीच्या गोदामातल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी त्यांना माझी धास्ती सांगितली. "समज, मी मॅनेजर," म्हणत बाईंनी हातमोजे काढले, भुवई चढवली. "शाळा का सोडलीस? खाली काय बघतोस?" सगळी बस ऐकत होती. उतरताना खुशीत म्हणाल्या, "मालकिणीचं काम मला कधी कुणी दिलंच नाही रे!" दुसऱ्या दिवशी खरा मॅनेजर त्यांच्यापुढे अगदीच मवाळ वाटला. हे उपकार मी फेडणार. त्यांना कधी ऑडिशनला बोलावलं, तर आदल्या दिवशी समोर मी बसेन, आणि मुळीच दया दाखवणार नाही.