ठमाबाईच्या दारी मागितलेलं पाणी

निवृत्त सरकारी माणसाला कोणी विचारेनासं झालं की तो खंगतो. कमलाकरचं तेच झालं होतं. तलाठी म्हणून उभी हयात खाडीकाठच्या गावांत गेली, आणि आता कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये बायको आशालता पुढ्यात टाकेल ती भाजी निवडत बसायचं. म्हणून पोलिसांची जीप सोसायटीत आली, तेव्हा बायकोचं न ऐकता तो चहा अर्धा टाकून उठला.

त्याच्या जुन्या हद्दीतल्या एका गावात ठमाबाईचं घर नव्या रस्त्याच्या आड येत होतं. ते कुटुंब सरकारला मानतच नसे. बापाची जमीन एका प्रकल्पात गेली, बदल्यात कबूल केलेलं काही मिळालं नाही. तेव्हापासून त्यांनी मत दिलं नाही, रेशन घेतलं नाही, आणि नोटीस आली की चुलीत. आता ठमाबाईचा थोरला मुलगा काशिराम रानडुकरांसाठीची ठासणीची बंदूक घेऊन आत बसला होता. दाराला आतून कडी, बाहेर पोलीस ताटकळलेले.

"त्या घरात माझा शब्द चालतो," कमलाकरने शेखी मिरवली. जीपमधल्या पोलीस साहेबांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि हा चढला.

"फक्त दार उघडून द्या भाऊसाहेब, बोलणी करू," ठमाबाईच्या अंगणात पोचल्यावर साहेब म्हणाले. भिंतीला चिकटून उभे असलेले पोलीस बोलणी करायला आलेले नाहीत, हे त्याला दिसत होतं.

युक्ती मात्र त्याची स्वतःची. त्या घरात दारी आलेल्याला पाणी नाकारत नसत, वैरी असला तरी. वसुलीला गेलेल्या कमलाकरला ठमाबाईने पुष्कळ शिव्या घातल्या होत्या, पण आधी पाण्याचा तांब्या हातात देऊन. त्याने दारावर थाप मारली.

"ठमाबाई, मी कमलाकर भाऊसाहेब. फार तहान लागलीय."

"आये, नको उघडू," आतून काशिराम ओरडला.

"आरं, पानी मांगतंय मानूस," म्हातारी म्हणाली आणि तिने कडी काढली.

पोलीस कमलाकरला ढकलून आत घुसले. काशिरामची बंदूक उडाली, मग त्यांच्या उडाल्या. एक तरणा शिपाई उंबऱ्यातच गेला, आणि काशिराम आईच्या पायाशी. अंगणात पालथ्या पडलेल्या कमलाकरला साधं खरचटलंही नव्हतं.

"तुम्ही हुकमाचे ताबेदार. वरून सांगितलं ते केलंत," आशालता त्याची समजूत घालायची. पाणी मागायला वरून कोणी सांगितलं नव्हतं, हे बायकोजवळही बोलायची त्याची छाती झाली नाही.

चौकशी पनवेलला लागली. खरं सांगायचं असं ठरवूनच तो गेला. समोरच्या बाकावर ठमाबाई, शेजारी तिचा धाकटा, कुमार.

"पाणी मागायचं कोणी सुचवलं? की तुम्हीच ठरवलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

कमलाकरच्या डोळ्यांपुढे पेपरात छापलेलं आपलं नाव आलं. सोसायटीतले लोक आले.

"खरंच तहान लागली होती," तो म्हणाला.

"खोटा बोलतंय," म्हणत कुमार उसळला. ठमाबाईने हात धरून त्याला खाली बसवलं.

"नाय रं, लागली आसंल. ऊन जाम व्हता," ती म्हणाली. मग अधिकाऱ्यांकडे वळली. "दार मी उघडला साहेब. चूक माजी हाय."

अधिकाऱ्यांनी तेवढं लिहून घेतलं, आणि आणखी काही सांगायचंय का म्हणून कमलाकरकडे पाहिलं. कमलाकरने मान हलवून नाही म्हटलं.