मोस्टमावशीचा निकाल

आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत मोस्टमावशीशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. "मराठीत चांगलं म्हटलं की लोक हुज्जत घालतात," ती म्हणायची, "मोस्ट चांगलं म्हटलं की गप बसतात." रात्रशाळेत मिळालेलं एवढंसं इंग्रजी तिने जन्मभर पुरवलं. मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा एक तर बेस्ट, नाहीतर वर्स्ट.

जुन्या-नव्याचं विचाराल तर मात्र आपल्या डोक्याचा भुगा. चाळ पाडून टॉवर व्हायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, "मावशी, चाळीची मजा गेली बघ." ती कडाडली, "मजा? संडासाची रांग विसरलास? वर्स्ट दिवस ते!" दुसऱ्याच दिवशी कुणी टॉवरचं कौतुक केलं, तर हीच बाई म्हणे, "चाळीतली माणसं बेस्ट. तिकडे सगळे दारं लावून बसणार." अगं बाई, एकदा काय ते ठरव ना!

तिच्या नवऱ्याला, आमच्या काकांना, अर्धांगवायू झाला होता आणि संडास गॅलरीच्या टोकाला. रोज सकाळी मी आणि शेजारचा प्रकाश त्यांना लाकडी खुर्चीत बसवून उचलून न्यायचो. काका लाजेने डोळे मिटून घ्यायचे. मावशी पुढे चालत ओरडायची, "बाजूला व्हा रे, मोस्ट व्हीआयपी येतायत!" रांग हसत बाजूला व्हायची. मग काकाही हसायचे. टॉवर उभा राहायच्या आतच ते गेले.

टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा कल्याणला राहणारी तिची मुलगी मावशीला न्यायला आली. "आधी घर बघते, मग सांगते," मावशी म्हणाली. आई गेल्यापासून मला हक्काने झापणारी तीच एक उरली होती. तिचं घर माझ्याच मजल्यावर आलं होतं आणि तिने तिथेच राहावं, एवढंच मला हवं होतं.

नव्या घरात शिरताच ती थेट संडासात गेली आणि कडी लावली. नळाचा आवाज येत राहिला. मुलगी घाबरून दार वाजवायला लागली, तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत बाहेर आली.

"काय मावशी, बेस्ट ना?"

"मोस्ट..." म्हणाली, आणि वळून संडासाच्या दाराकडे बघत राहिली. "घरातल्या घरात रे. ह्यांना मिळायला हवं होतं." जरा थांबून म्हणाली, "पण तेव्हा मिळालं असतं, तर तुम्ही पोरं कशाला आला असता उचलायला? तूच सांग आता, कुठलं बेस्ट?"



"हे ठरेपर्यंत मी मुलीकडेच," म्हणत ती कल्याणला गेली. काकांची खुर्ची माझ्याकडे ठेवली आणि म्हणाली, "तुझं ठरलं की फोन कर."

घरात सगळं चकचकीत आहे, कुणाला उचलावं लागत नाही, आणि सकाळ खायला उठते. म्हणजे नक्की काय चांगलं झालं? काल शेवटी फोन लावला.

"मावशी, काही ठरत नाही गं. तू परत ये."

"वर्स्ट उत्तर," ती म्हणाली. आणि पुढचा अर्धा तास मला हक्काने झापत राहिली.