शंभर हर्ट्झचं टेकाड

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितली तर पटलेजी सांगतील, आणि तेही तिखटमीठ लावून!

मध्य प्रदेशात, लालबर्राला माझी थोरली बहीण राहते, आक्का. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे पार गेलेले. नातीचं लग्न पुण्यात, म्हणजे जाणं अशक्य. आणि आमच्या घरात आक्काच्या गाण्याशिवाय एकाही पोरीला हळद लागलेली नाही! मग ठरलं, गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं. कोण करणार? अर्थात मी! निवृत्तीनंतर ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकलोय ना.

बालाघाटहून माईक, लॅपटॉप घेऊन गेलो. आक्का गायली. मी ऐटीत फ्रिक्वेन्सीचा आलेख उघडला. बघतो तर खाली, शंभर हर्ट्झच्या आसपास, हे एवढं टेकाड!

"मोटरची घरघर हाये," मी निदान केलं. पंखा बंद, फ्रीज बंद. आक्का पुन्हा गायली. टेकाड जागच्या जागी.

घरामागे पटलेजींची राईस मिल. सापडला चोर! गेलो. धानाचे ट्रॅक्टर रांगेत उभे, आणि मी हात जोडून, "पटलेजी, आधा घंटा मिल बंद रखोगे क्या? आक्का का गाना..."

"आक्का का गाना? अरे, बंद करो रे मशीन!"

कुणी कुरकुर केली असेल? छे! एक शेतकरी म्हणाला, "माह्या पोरीच्या हळदीले आक्काच गायल्या होत्या. गाऊ द्या आरामात."

आक्का तिसऱ्यांदा गायली, मधे थांबून पाणी पीत. आलेख उघडला. टेकाड तिथंच! उलट थोडं वाढलेलं!

मागोमाग पटलेजी आले होते. "भैया, सुनके देखा क्या?"

ऐकायचं? समोर आलेख असताना ऐकायचं कशाला! त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि पोट धरून हसत सुटले. "ये मिल नहीं है भैया, ये आप हो!"

ऐकलं. आक्काच्या गाण्यामागे कोणीतरी तोंड मिटून घुमत होतं. घूंऽऽऽ. मीच!

"हौ, लहानपणापासूनच घुमते हा," आक्का शांतपणे म्हणाली.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं तुले मालूम हाये. तू सूर धरतं म्हणून तं मले गाता येते."

तरी चौथ्यांदा मी तोंडात रुमाल कोंबून बसलो. दुसऱ्याच ओळीला आक्काचा सूर सुटला. "राहू दे. तिसरं होतं तेच धाड," ती म्हणाली. साठ वर्षं ही बाई माझी घरघर सांभाळून गात आली होती! मी वाकून तिच्या पाया पडलो. पटलेजींच्या हाती पेढे ठेवले आणि ते तिसरं गाणं पाठवून दिलं.

हळदीच्या दिवशी नातीचा फोन आला. रडत होती.

"मामाआजोबा, आजी इथंच बसून गातेय असं वाटलं! तुमचे उपकार कसे फेडू? फक्त एक सांगू का? राग नका मानू. ती मागची राईस मिल तेवढी अर्धा तास बंद ठेवायला सांगायची होती!"