कुड्याचा काढा आणि माझा फोटो

माझी धाकटी बहीण घोरावाडीला राहते, स्टेशनापासून दहा मिनिटांवर. गेल्या भादव्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाली, चपलेनं घासलं, महिना झाला, बरं होत नाही. तिला साखरेचा आजार आहे. साखर असलेल्या माणसाची जखम महिनाभर ओली राहते याचा अर्थ मला कळतो. तिलाही कळायला हवा होता. गोळ्या घेतेस ना, असं मी विचारलं, तर तिनं ओट्यावरच्या पातेल्याकडे बोट केलं. आत काळपट काढा होता. वास ओळखीचा होता. कुड्याच्या झाडाची साल.

गोळ्या तिनं दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"नेटवर आलंय," ती म्हणाली आणि फोन माझ्यापुढं धरला. "तूच तर हायस की, अक्का."

फोटो माझाच होता. टाकव्याजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर मी बसलेली, पुढ्यातल्या सुपात कुड्याच्या शेंगा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मावळच्या आजींचा खात्रीचा उपाय, साखर मुळापासून जाते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बोट ठेवून वाचते. सगळं वाचलं. सकाळी किती कप, किती दिवस, आणि एकवीस दिवसांनी गोळ्या सुटतात, हे सगळं माझ्या तोंडी घातलेलं. गोळ्यांचं नावसुद्धा मी काढलेलं नव्हतं.

पण सगळंच त्यांनी रचलं असं मला म्हणता येत नाही, आणि तेच खुपतं.

आदल्या वर्षी तुंगार्लीच्या एका बंगल्यात उतरलेल्या दोन मुली गाडी करून आमच्याकडे फिरायला आल्या होत्या. ओट्यावर टेकल्या. आमच्यात दारी आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. त्या दिवशी घरात दूध नव्हतं आणि गूळही संपलेला. नुसतं पाणी दिलं आणि मला ओशाळं वाटलं. मग त्या शेंगांबद्दल विचारायला लागल्या, तेव्हा बरं वाटलं की चला, द्यायला काहीतरी आहे. आम्ही शेंगांची भाजी करतो, पोटाला बऱ्या, हे सांगितलं. ते मी जन्मभर पाहिलेलं आहे. मग एकीनं विचारलं, कुडा साखरेवर चालतो का. मी म्हणाले, म्हणतात तसं. दुसरी जरा शहाणी होती. तिनं विचारलं, कुणाची साखर गेलेली तुम्ही पाहिलीय का.

तिथं मी नाही म्हणायला हवं होतं. मी वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो सालीचा काढा प्यायचा आणि ऐंशीव्या वर्षी डोंगर चढायचा. गोष्ट खरी आहे. पण त्याला साखर होती की नव्हती हे कुणालाच माहीत नाही. त्याचं रक्त जन्मात कुणी तपासलं नव्हतं. हे मी सांगितलं नाही. मुली माझा फोटो काढून खूश होऊन गेल्या, आणि पाहुण्यांची काहीतरी सरबराई झाली म्हणून मीही खूश झाले.

हे सगळं मी बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली.

"साखरंवर काढा चालतो, हे तू मला लय वर्षांमागं सांगितलं हुतंस. तवा मी म्हणलं, अक्का काय बी बोलती. आता नेटवर आलंय म्हंजी कुणीतरी तपासलं आसंलच की."

"कुणी तपासलं? मलाच तर इचारलं."

तिनं आणखी तीन ठिकाणं उघडून दाखवली. तोच फोटो, तीच वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. चार जागी लिहिलंय ते खोटं कसं असेल, असं तिचं म्हणणं. मी तिला माहेरच्या वाघराची आठवण करून दिली. आम्ही पोरी होतो तेव्हा विहिरीवर चार बायकांनी सांगितलं की टेकडीवर वाघरू आलंय. आम्ही आठ दिवस शेळ्या सोडल्या नाहीत. नंतर कळलं, चौघींनीही ते एकीकडूनच ऐकलं होतं, आणि तिनं तिन्हीसांजेला कुत्रं पाहिलं होतं. बहिणीला ते आठवत होतं. पण म्हणाली, ती विहीर होती, हे नेट आहे.

मग तिनं हसणं थांबवलं. "अक्का, तू तवा खोटं बोललीस का आता बोलतीस?"

तेव्हा आणि आता, तोंड एकच. मी आणखी कितीही बोलले असते तरी त्याच तोंडानं बोलले असते.

आम्ही दोघी आईच्या हाताखाली भाताचं बी पारखायला शिकलो. विकणारा कितीही शपथा घेवो, आई शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायची, उबेला ठेवायची आणि किती दाण्यांना मोड आले ते बघायची. बी देणारा तिचा सख्खा भाऊ असला तरी त्याला सूट नव्हती. तो रुसायचा, ती रुसू द्यायची.

मी म्हणाले, "माझ्यावर इस्वास ठिवू नगं, नेटवर बी नगं. बी बघतो तशी साखर बघ. कमी निघाली तर तुज्यासंगं मी बी काढा पिते."

पैजेला ती लहानपणापासून भुलते. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आली. कागदावर साखर खूप वाढलेली निघाली. डॉक्टरांनी तो बघितला, मग चिंधी सोडून करंगळी बघितली. मग गोळ्या कधीपासून बंद आहेत ते विचारलं. कुणाच्या सांगण्यावरून, असंही विचारलं. बहिणीनं माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. करंगळी काढावी लागली.

घरी आल्यावर मी सुनेला नेटवरच्या त्या पानाखाली लिहायला लावलं. फोटोतली बाई मी आहे, साखर गेलेली मी कुणाची पाहिलेली नाही, गोळ्या सोडू नका. दोन दिवसांनी खाली कुणीतरी लिहिलं, औषधवाल्यांची माणसं आजींना बदनाम करतायत, खऱ्या आजींचा फोटो वर आहे तो बघा. सून हसली. पान काढून टाकायला कुणाला सांगायचं, ते ती शोधत बसली. कुठं नाव नाही, गाव नाही, फोन नाही. दारावर कोंबडी विकायला आलेल्यालाही आम्ही आधी गाव विचारतो. बहिणीनं पायाचं बोट घालवलं ते असल्या ठावठिकाणा नसलेल्या माणसाच्या शब्दावर. आणि माझ्या.

गेल्या आठवड्यात मोटरसायकलवरून एक बाप्या आला. ओट्यासमोर थांबून माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, फोटोतल्या तुमीच ना?" त्याच्या आईला साखर आहे, काढ्याचं नीट विचारायला लांबून आला होता. मी त्याला बसवलं. दोन मुली, वरच्या वाडीतला म्हातारा, बहिणीची करंगळी, सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता.

झाडपाला देणारी जुनी माणसं औषध सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो, असं आमच्याकडे मानतात. विचारणाऱ्याला ती, त्यात काही गुण नाही, म्हणून उडवून लावतात. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तो उठला आणि समजूतदारपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मावशी. आमच्याकडं बी जाणती माणसं आशीच न्हाई म्हणत्यात."

मी मागून हाक मारली. तो बांधावरच्या कुड्याजवळ थांबला, खिशातून चाकू काढून साल सोलली, पिशवीत घातली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. गाडी वळणाआड गेली. त्याची आई कुठल्या गावची, एवढंही मी विचारलं नाही.